पाहुण्यांचं नाटक : झाडीपट्टीतली मंडईची रात्र

(अंगणातली चूल, तेलाची कढई)

धान कापून झालं, भाऊबीज उरकली, की पूर्व विदर्भात मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस सुरू होतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांतला हा धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. या घरी आज लेकी-जावई येणार, व्याही येणार. कढईत लाखोरीच्या डाळीचे वडे पडताहेत. डाळ भिजवून जाडसर वाटलेली. हातावर थापायची, अलगद तेलात सोडायची आणि कड लालसर होईपर्यंत झाऱ्या लावायचा नाही.

जेवणं आटोपली की सगळं घर नाटकाला निघेल. इथे नाटक पाहुणचाराचाच भाग आहे. सोयऱ्यांना पोटभर जेवू घालायचं आणि रात्रभर नाटक दाखवायचं, तेव्हा कुठे मंडई साजरी होते.

(वडसा, कंपन्यांच्या पाट्या)

देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचं वडसा. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. हंगामाआधी गावोगावची मंडळं इथे येतात. पोस्टर पाहतात, नट कोण, विनोदी भूमिका कुणाची, लावणी आहे का, सगळं खोदून विचारतात आणि मग तारीख पक्की करतात. कंपनीला ठरलेले पैसे द्यायचे, तिकिटं आपण विकायची. नफा-तोटा गावाचा. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोककलांच्या मातीत वाढलेली ही रंगभूमी आजही प्रेक्षकांच्या तिकिटावर चालते, हे ठळकपणे सांगायला हवं.

(धानाचं रिकामं शेत, कनाती)

सकाळपर्यंत इथे नुसती धानाची धसकटं होती. आता मंच उभा राहतोय. त्याच्या पुढ्यात खड्डा खणलाय, तो वादकांसाठी. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड तिथे खाली, म्हणजे मागच्या माणसालाही मंच मोकळा दिसतो. वरून दोरीला माईक टांगलेत. संवाद म्हणताना नट बरोबर त्यांच्याखाली येऊन उभा राहतो; ही सवय अंगात मुरावी लागते. रोज नवं गाव, कधी नवं नाटकही. म्हणून आडोशाला संहिता धरून बसलेला प्रॉम्प्टर फार मोलाचा.

(गर्दी, चटया, चादरी)

रात्री दहा वाजून गेलेत. पडदा उघडेल तो पहाटेपर्यंत. नवऱ्याने टाकलेली बायको, सावकाराचा फास, दारू, हुंडा... विषय याच लोकांच्या घरातले. मध्येच लावणी, मध्येच हशा. या मंचावर आयुष्य घालवलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. तो मान साऱ्या झाडीपट्टीचा आहे.

पूर्वी दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, अशी जोडी असे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या, त्याची झळ नाटकांनाही बसली. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात कोरोनाही येऊन गेला.

(उजाडतंय, कंपनीची गाडी)

नेपथ्याचे पडदे गुंडाळून गाडीवर चढले. कलाकार रंग पुसून आत बसलेत. झोप प्रवासातच काढायची. आज रात्री दुसऱ्या गावात खेळ आहे, आणि तिथल्या घरांतही पाहुणे पोचायला लागलेत.