सम चुकवायची नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, लोकांच्या तोंडी तो कॅसिओच. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात दुसऱ्याच कंपनीचा कीबोर्ड वाजवला, पण गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाव यायचं ते 'कॅसिओवादक' म्हणून. तेव्हा राग यायचा. आज ज्या तंत्राबद्दल बोलणार आहे, ते मात्र खरोखरच कॅसिओचं आहे.

१९८४ साली कॅसिओनं सीझेड-१०१ नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर नवनवे आवाज घडवणारं वाद्य, काढला. बुटक्या ४९ पट्ट्या, बॅटरीवर चालणारा, पट्टा लावून गळ्यात अडकवता येणारा. दिसायला अगदी खेळणं. त्याच्या आदल्या वर्षी आलेला यामाहाचा डीएक्स-७ अमेरिकेत जवळजवळ दोन हजार डॉलरना मिळत होता, हा पाचशेच्या आत. डीएक्स-७ चालायचा एफएम तंत्रावर, म्हणजे एका लाटेनं दुसरी लाट हलवून आवाज घडवायचा. ते स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना गवसलं होतं आणि त्याचे हक्क यामाहानं घेतले होते. कॅसिओनं स्वतःची वेगळी वाट काढली, तिचं नाव फेज डिस्टॉर्शन. गिटारच्या पेडलमधून येणारं खरखरीत डिस्टॉर्शन ते हे नव्हे. हे कसं चालतं, ते तबल्यावरून सांगतो.

तीनतालाच्या सोळा मात्रा घ्या. समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, निघून पुन्हा समेवर यायला, धरून चालू, चार सेकंद लागतात. आता समजा तबलजीनं पहिल्या आठ मात्रा अर्ध्या सेकंदातच उरकल्या आणि उरलेल्या आठ साडेतीन सेकंद ताणल्या. खाली, म्हणजे नववी मात्रा, फार लवकर आली, पण सम? सम बरोबर जागेवर. मैफलीत असं केलं तर गवई उठून जाईल! यंत्रात मात्र हीच चलाखी कामाची. संगणकात साठवलेली एक साधी गोल लाट असते, ऐकायला शिट्टीसारखी. ती वाचताना पहिला अर्धा भाग घाईनं वाचायचा, दुसरा रेंगाळत. मग तीच लाट एका बाजूनं उभी कोसळते, दुसरीकडून सावकाश चढते, म्हणजे करवतीच्या दातासारखी होते. सम जागेवर आहे, म्हणून सूर तोच राहतो. बदलतो तो स्वराचा रंग.

(ध्वनी : मध्य सप्तकातला सा, आधी साधा, मग हळूहळू धारदार होत जाणारा)

ऐकलंत? तंबोऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा सरकवावा तसं झालं ना?

हे करून पाहायला जुना सीझेड शोधत फिरायची गरज नाही. 'डिजिट्स' नावाचा फेज डिस्टॉर्शनचा मोफत सॉफ्टवेअर सिंथ आहे. मॅट टायटेल यांचा 'व्हायटल' २०२० मध्ये आला, त्याचीही मोफत आवृत्ती मिळते. त्यात साधी साइन लाट, म्हणजे मघाचीच गोल लाट, निवडा आणि ऑसिलेटरच्या, म्हणजे लाट निर्माण करणाऱ्या भागाच्या, फेज डिस्टॉर्शनच्या यादीतून 'बेंड' किंवा 'स्क्वीझ' घ्या. कॅसिओची हुबेहूब नक्कल नाही ती, पण जात तीच. उतरवून घ्याल ते मूळ कर्त्याच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

तयार आवाजांच्या यादीत मात्र अडकू नका. मी स्वतः पहिला महिना त्यातच घालवला, हाती काही लागलं नाही. एकच ऑसिलेटर घ्या, बाकी सगळं बंद करा. लाट किती वाकवायची ते ठरवणाऱ्या नॉबला एन्व्हलप जोडा, म्हणजे स्वर वाजत असताना तो नॉब आपोआप फिरवणारी आखणी. पट्टी दाबताक्षणी लाट पूर्ण वाकलेली, आणि पाव सेकंदात सरळ. लगेच तार छेडल्यासारखा आवाज येतो, कारण खरी तारही आधी चमकते आणि मग मवाळ होते. हाच आवाज दोन सप्तकं खाली नेला की बेस तयार. सीझेडवर या एन्व्हलपला आठ पायऱ्या होत्या, म्हणजे एकाच स्वरात लाट वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. त्या पाचशे डॉलरच्या खेळण्याची खरी श्रीमंती मला तिथेच वाटते.

मग दुसरा ऑसिलेटर सुरू करा आणि तो किंचित, अगदी पाच-सहा सेंट, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे पाच-सहा शतांश, वर चढवा. डबल रीडच्या पेटीत दोन सूर एकमेकांना घासून जी लहर उठते, ती येईल.

वरच्या सप्तकात मात्र हात आवरा. तिथे लाट फार वाकवली की बेसूर किणकिण ऐकू येते. संगणकाला पेलत नाहीत इतके उंच स्वरांश खाली दुमडून येतात, त्याची ती किणकिण. ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे लाट जास्त बारकाईनं मोजण्याची, सोय असेल तर चालू करा. नाहीतर पट्टी जितकी वरची तितकी लाट कमी वाकेल, असं बांधून टाका. मी हा दुसरा उपायच करतो, त्यात संगणकही दमत नाही.

आता पुढची दोन मिनिटं जे वाजेल, त्यातला बेस, पेटीसारखा सूर आणि मधूनच येणारी ती घंटा, सगळं एकाच गोल लाटेतून काढलेलं आहे. तबला तेवढा खरा आहे.

(ध्वनी : रचना, दोन मिनिटे)