डांबराचं पिंप

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात सकाळचे सात वाजलेत. राजहंसगडावर अजून धुकं आहे. काकूंनी धार काढली, म्हशीला वैरण टाकली, आणि आता दारामागच्या पिशवीतून कागद-रंग बाहेर निघालेत.

पन्नाशीत त्या चित्र काढायला शिकतायत. बेळगावनं के. बी. कुलकर्णींसारखे गुरू पाहिलेत. १९३५ साली इथंच जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांचे विद्यार्थी. पण सकाळ-संध्याकाळची धार सोडून क्लासला जाणार कोण? काकूंचा गुरू म्हणजे जुन्या कॅलेंडरचं पान. नदी, झोपडी, दोन बैल, एक म्हैस. पानावर इंचाइंचाचे चौकोन आखले, तेवढेच कागदावर आखले, आणि एकेक चौकोन उतरवत गेल्या. शाळेत नकाशा काढायचो, तसंच.

झोपडी जमली, झाडं जमली. म्हशीपाशी अडलं. ट्यूबमधला काळा घेतला आणि भरला. मालक डोकावले. "म्हस हाय ही, का डांबराचं पिंप?"

बोचलं, पण खरं होतं.

आता गोठ्यातली म्हैस बघा. डोळे बारीक करून बघा. पाठीवर आभाळ उतरलंय, निळसर. पोटाखाली तांबड्या मातीचा उजेड. खरा काळा उरतो तो मांडीच्या खोबणीत, तोही चिमूटभर. काकूंनी काळी ट्यूब बाजूला ठेवली. बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरिन म्हणजे गडद निळा, हे दोन मिसळले. पाठीला निळा जास्त, पोटाला तांबडा. पाठीवरची चमक रंगवली नाहीच, तेवढा कागद कोरा सोडला.

मग मागचा पाय. इथं भलेभले फसतात. मागं वळलेला तो सांधा गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर, पोटाला लागून. रोज धारेला त्याच पायाशी बसतात काकू, तरी कागदावर पाय उलटा वळला. तीन कागद गेले त्यात.

कॅलेंडरातले बर्फाचे डोंगर मात्र त्यांनी काढलेच नाहीत. तिथं गड आला, फिकट निळा. लांबच्या डोंगरापर्यंत मध्ये हवा असते, ती निळा उजेड विखुरते. म्हणून गड निळा आणि पायाशी असलेला बांध हिरवागार.

मालक परत डोकावले. या खेपेला बराच वेळ उभे.

"आपलीच हाय की गं. पण तिचं डावं शिंग एवढं वळलेलं न्हाई."

काकूंनी ब्रश पाण्यात ठेवला आणि गोठ्याकडं निघाल्या, शिंग बघायला.