एका संदेशवहन अधिकाऱ्याची शांतता

(माजी नौदलप्रमुख ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांच्या स्मरणार्थ पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पुण्यात फौजी माणसाविषयी बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. खडकवासल्याला एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकीला लष्करी अभियंत्यांचे बॉम्बे सॅपर्स, वानवडीला एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय, कॅम्पात सदर्न कमांड. साळुंके विहारमध्ये फेरी मारली तर दारोदार कर्नल आणि ब्रिगेडियर यांच्या पाट्या दिसतात. या सभागृहातही पुढच्या दोन रांगा ज्या ताठपणाने बसल्या आहेत, त्यावरून आज माझी परीक्षा आहे हे मला कळलंच आहे. (हशा) आणि मागच्या रांगांमध्ये दुसरं पुणं बसलंय. ते कोथरूडच्या गांधीभवनात जातं, 'साधना' साप्ताहिकाची वर्गणी भरतं, मोर्च्यात फलक धरतं. ही दोन पुणी एकाच बसने प्रवास करतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख बेताचीच. पहिल्याला वाटतं दुसरं भाबडं आहे, दुसऱ्याला वाटतं पहिलं युद्धखोर आहे. ॲडमिरल रामदास दोघांच्याही पंगतीला बसू शकणारे गृहस्थ होते. बसत, आणि दोन्हीकडे थोडे अवघडही वाटत.

चरित्र थोडक्यात सांगतो, कारण ते कुठेही वाचायला मिळतं. जन्म ५ सप्टेंबर १९३३, मुंबईत माटुंग्याला. एनडीए खडकवासल्याला येण्याआधी डेहराडूनला होती, 'जॉइंट सर्व्हिसेस विंग' नावाने. तिथे ते १९४९ मध्ये दाखल झाले, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचं पोर. १९५३ ला कमिशन. १९७१ च्या युद्धात 'बियास' या फ्रिगेट युद्धनौकेचे कप्तान, आणि त्या कामगिरीसाठी वीरचक्र. नोव्हेंबर १९९० च्या अखेरीस नौदलप्रमुख, सप्टेंबर १९९३ ला निवृत्त. त्यानंतर अलिबागजवळच्या एका खेड्यात शेती, आणि जवळजवळ तीस वर्षं शांततेचं काम. १५ मार्च २०२४ रोजी हैदराबादला गेले.

आता अशी गोष्ट सांगायची म्हटली की आपल्याकडे साचा तयारच असतो. सम्राट अशोक, कलिंग, रणांगणावरची प्रेतं, आणि मग उपरती. वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांनाही हा मोह आवरत नाही. मला रामदासांमध्ये कलिंग कुठे दिसत नाही. निवृत्तीनंतरही ते नौदलाबद्दल बोलत ते आपल्या घराबद्दल बोलावं तसं. चाळीस-बेचाळीस वर्षं जे केलं त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी पुढचं काम घेतलं, असं मानायला मी तयार नाही. माझं म्हणणं असं आहे की ते काम त्यांच्या नोकरीतूनच उगवलं, आणि नोकरीतल्याही एका विशिष्ट शाखेतून. रामदास नौदलात संदेशवहन शाखेचे तज्ज्ञ होते. समोरच्या जहाजाने काय कळवलं, आपण काय समजलो, आणि आपण दिलेलं उत्तर त्याच्यापर्यंत नीट पोचलं की नाही, हे पाहणं त्यांचं शिक्षण होतं. पुढची तीस वर्षं त्यांनी भारत-पाकिस्तानच्या बाबतीत हेच प्रश्न विचारले.

१९७१ कडे जरा थांबून बघू. 'बियास' पूर्वेच्या ताफ्यात होतं. 'विक्रांत'बरोबरच्या या ताफ्याने पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली आणि तिथल्या फौजेची समुद्राकडची वाट बंद केली. १६ डिसेंबरच्या ढाक्यातल्या शरणागतीने जे ९३ हजार लोक कैद झाले, त्यामागे ही बंद वाट होती. आपल्याला ते छायाचित्र पाठ आहे. जनरल अरोरा बसलेत, नियाझी सही करताहेत. नौदलाचे आकडे मात्र आपल्याला पाठ नसतात. ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी आतल्या नव्वदहून अधिक माणसांसकट बुडाली. एकही वाचला नाही. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ त्यांच्या 'हंगोर' पाणबुडीने आपल्या 'खुक्री' या युद्धनौकेला टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. दीवला सहलीला गेलात तर समुद्राकाठी खुक्रीचं स्मारक आहे, तिथे फोटो काढायच्या आधी नावांच्या यादीवरून एकदा नजर फिरवा.

जमिनीवरच्या लढाईत आणि समुद्रावरच्या लढाईत एक फरक आहे, तो पुढच्या रांगेतल्यांना सांगायला नको. समुद्रावर खंदक नसतो. जहाज गेलं की शत्रू आणि मित्र एकाच पाण्यात असतात. म्हणून १९४९ च्या जिनिव्हा करारांतला दुसरा करार खास समुद्रासाठी केलेला आहे. जहाज बुडाल्यामुळे पाण्यात पडलेला माणूस, मग तो कुठल्याही झेंड्याचा असो, त्याला शोधायचं आणि वर काढायचं. हे कायद्यात नंतर आलं, दर्यावर्दी लोकांत आधीपासून होतं. जो माणूस पंधराव्या वर्षापासून या शिस्तीत वाढला, त्याने साठाव्या वर्षी सीमेपलीकडच्या माणसाशी बोलायला सुरुवात केली, तर आपण इतकं चकित का व्हावं?

ते नौदलप्रमुख असताना, एप्रिल १९९१ मध्ये, भारत आणि पाकिस्तानने लष्करी सरावांची आगाऊ सूचना देण्याचा करार केला. त्यात एक बारीकसं कलम आहे. खुल्या समुद्रात दोन्ही देशांच्या युद्धनौका आणि पाणबुड्यांनी एकमेकांच्या तीन नॉटिकल मैलांच्या आत यायचं नाही. कारण सरळ आहे, अपघात होऊ नये. हा करार झाला म्हणून दोस्ती झाली का? अजिबात नाही. आणि कलम पाळलं गेलं का? जून २०११ मध्ये एडनच्या आखातात पाकिस्तानची 'बाबर' आणि आपली 'गोदावरी' या युद्धनौका एकमेकींना घासल्या, आणि दोन्ही सरकारांनी एकमेकांना याच कराराची आठवण करून दिली. मला हे कराराचं यशच वाटतं. भांडायला निदान एक कागद होता. १० ऑगस्ट १९९९ ला, कारगिल नुकतंच संपलेलं असताना, कच्छच्या हद्दीवर त्यांचं 'अटलांटिक' विमान आपल्या वायुदलाने पाडलं आणि सोळा माणसं मेली. विमान कुणाच्या हद्दीत होतं यावर वाद झाला, तो आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. त्या न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्र नाही म्हणून हात वर केले. अशा प्रसंगांत विचारायचे प्रश्न तेच असतात. कुणी काय कळवलं आणि कुणी काय ऐकलं?

मे १९९८ मध्ये पोखरणला आपण चाचण्या केल्या, महिना संपायच्या आत पाकिस्तानने चगईला केल्या. पुण्यात पेढे वाटले गेले होते, ते मला आठवतंय. निवृत्त नौदलप्रमुखाने त्या वातावरणात विरोधी सूर लावणं सोपं नव्हतं. २००० साली अण्वस्त्रमुक्ती आणि शांततेसाठी राष्ट्रीय आघाडी उभी राहिली, तिच्यात ते अगदी पुढे होते. त्यांचा मुद्दा नैतिक होताच, पण त्यातला जो व्यावसायिक भाग होता तो मला जास्त वजनदार वाटतो. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात क्षेपणास्त्राला पोचायला अर्धा तास लागायचा. त्या अर्ध्या तासात रडारवरचा ठिपका खरा की खोटा हे तपासायला थोडी उसंत तरी होती. आपल्याकडे हे अंतर पाच ते दहा-बारा मिनिटांचं आहे. त्यात धोका दिसणार, खात्री करायची, पंतप्रधानांपर्यंत पोचायचं आणि निर्णय घ्यायचा. ज्याने जहाजाच्या ब्रिजवर रात्रपाळी केली आहे, त्याला पाच मिनिटं म्हणजे किती कमी हे कळतं.

आणि ही भीती पुस्तकी आहे असं समजू नका. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नू नावाच्या गावाजवळ जाऊन पडलं. नशिबाने त्यावर स्फोटकं नव्हती, माणूस मेला नाही. ऑगस्टमध्ये वायुदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. आपल्याकडे ही बातमी दोन दिवसांत मागे पडली. कल्पना करा, असंच क्षेपणास्त्र तिकडून चुकून सुटून नगर जिल्ह्यात पडलं असतं, तर रात्रीच्या चॅनेलवर काय चाललं असतं?

हा झाला शस्त्रांचा भाग. माणसांचा भाग १९९४ पासून सुरू होतो. पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम त्या वर्षी उभा राहिला आणि पहिलं मोठं अधिवेशन १९९५ मध्ये दिल्लीत झालं. इकडून निर्मला देशपांडे, निखिल चक्रवर्ती, तिकडून डॉ. मुबश्शिर हसन, अस्मा जहांगीर, आय. ए. रहमान अशी मंडळी. रहमान साहेब जन्माने हरियाणाचे, पेशाने पत्रकार, तिथल्या मानवी हक्क आयोगाचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारे. तो आयोग सरकारी नव्हे बरं का, नागरिकांचा. २००४ चा शांतता आणि आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा मॅगसेसे पुरस्कार रामदास आणि रहमान या दोघांना मिळून दिला गेला. एक माजी नौदलप्रमुख, एक आयुष्यभर लष्करशाहीशी भांडलेला संपादक. मला ही जोडी फार आवडते. रहमान साहेब २०२१ मध्ये गेले.

आता थोडं टोचणारं बोलतो. या चळवळीत तीच तीच माणसं भेटत राहिली. अधिवेशनं झाली, ठराव झाले, वाघा सीमेवर मेणबत्त्या लागल्या, पण खडकवासल्याच्या रस्त्यावर राहणाऱ्या, मुलगा सैन्यात असलेल्या आईपर्यंत हे पोचलं का? फारसं नाही. तिच्याशी बोलू शकेल असा माणूस या गोतावळ्यात होता, तो म्हणजे रामदास. पण चळवळीने त्यांना व्यासपीठावर हार घालायलाच जास्त वापरलं असं मला वाटतं. कुणी रागावेल, रागवा. एका पक्षाने त्यांना अंतर्गत लोकपाल केलं आणि २०१५ मध्ये बाजूला सारलं, त्यावर मी वेळ घालवत नाही.

इकडे रायगडात बसून ते गप्प नव्हते. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाला त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लोलिताताईंनी विरोध केला. लोलिताताई या ॲडमिरल कटारी यांच्या कन्या, म्हणजे पहिल्या भारतीय नौदलप्रमुखांच्या. या घरात नौदल सासर-माहेर दोन्हीकडून होतं! मार्च २०१९ मध्ये, पुलवामा आणि बालाकोटनंतर, पक्ष प्रचारात सैनिकांचे फोटो लावू लागले, तेव्हा रामदासांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं की सैन्याला यात ओढू नका. पंचाऐंशीव्या वर्षी. पुढच्या रांगांना त्यांचं बाकी काही पटलं नाही तरी हे पत्र पटेल अशी माझी खात्री आहे. आणि एक गोष्ट आपल्या शहराशी जोडलेली सांगतो. १९९२ मध्ये, त्यांच्या कारकिर्दीत, नौदलाने वैद्यकीय सोडून इतर शाखांमध्ये पहिल्यांदा स्त्री अधिकारी घेतल्या. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या परेड मैदानावरून एनडीएच्या पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या. मधे तेहतीस वर्षं गेली.

शेवटी पालघरकडे येतो, कारण हा विषय आपल्या महाराष्ट्राचा आहे. डहाणू, तलासरीकडची पोरं ओखा, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. कच्छ आणि सिंध यांच्यामधली सर क्रीकची सुमारे ९६ किलोमीटरची खाडी कुणाची हे ठरलेलं नाही, त्यामुळे पुढे समुद्रातली हद्दही ठरलेली नाही. जाळं जिकडे ओढलं जाईल, इंजिन बंद पडून बोट जिकडे वाहत जाईल, तिकडे पकडले जातात. तिकडचेही आपल्याकडे पकडले जातात. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीची सीमा बंद झाली, मे महिन्यात क्षेपणास्त्रं सुटली, तरी १ जुलैला याद्या दिल्या गेल्या. पाकिस्तानने दिलेल्या यादीत १९३ मच्छीमार भारताचे होते. रामदास गेले त्याच मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीत कैदेत असताना वारला. त्याचा मृतदेह गावी यायला महिना उलटून गेला.

उलट बाजूही ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये पोरबंदरहून इराणला निघालेलं 'अल पिरानपीर' नावाचं गलबत बुडालं, पाकिस्तानच्या शोध-बचाव क्षेत्रात. आपलं तटरक्षक दल आणि त्यांची सागरी सुरक्षा संस्था यांनी एकमेकांशी संपर्क ठेवून बाराच्या बारा माणसं वाचवली. दोन्ही संस्थांत २००५ पासून थेट संपर्काची व्यवस्था आहे, ती त्या दिवशी चालू होती. कैद्यांसाठीही दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती आहे. ती तुरुंगांना भेटी द्यायची, शिक्षा संपूनही अडकलेले कोण ते शोधायची. तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. ती समिती पुन्हा बसवा अशी मागणी करायला ना पाकिस्तानवर प्रेम लागतं, ना कुठल्या पक्षाचं सदस्यत्व. पालघरच्या आणि पुण्याच्या खासदारांना पत्र लिहायचा मसुदा मी आणला आहे, बाहेरच्या टेबलावर ठेवलाय. पुढच्या रांगांनी आधी वाचावा, भाषा कुठे ढिली असेल तर लाल पेनाने दुरुस्त करावी. आता प्रश्न घेऊ.