बोलोन्यातला रविवार

[दृश्य: प्रदर्शनाच्या दालनाचं दार. लोक एकात एक अडकवलेल्या ढकलगाड्या ओढून घेत आहेत.]

इथे आत शिरताना दोन वस्तू हातात येतात. तिकिटासोबत काचेचा ग्लास, आणि दारापाशी ओळीने लावलेली ढकलगाडी, मॉलमध्ये किराणा घ्यायला असते तशीच. ग्लास चाखायला, गाडी घरी न्यायच्या बाटल्यांना. म्हातारी जोडपी, कॉलेजची पोरं, बाळाला छातीशी बांधून आलेले बाप, सगळे गाड्या ढकलत आत चाललेत.

26 नोव्हेंबर 2023, रविवार. इटलीतलं बोलोन्या शहर. हा स्वतंत्र विन्यायोलींचा बाजार आहे. विन्यायोलो म्हणजे आपली द्राक्षं आपण पिकवणारा, त्यांची वाइन आपणच करणारा आणि आपल्या नावाने बाटलीत भरून विकणारा माणूस. आपला ‘द्राक्ष बागायतदार’ हा शब्द त्याच्या निम्म्यापर्यंत पोचतो. उरलेल्या निम्म्याला आपल्याकडे शब्द नाही, कारण ते काम आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरंच कोणी करतं.

मी निफाड तालुक्यातली. घरची तीन एकर बाग आहे, थॉमसन जातीच्या द्राक्षांची. नोकरीसाठी म्युनिकला राहते. वाइन मी तिथे आल्यावर पहिल्यांदा चाखली. आमच्या घरात द्राक्षाला देवासारखं जपतात आणि वाइनला दारू म्हणतात, दोन्ही मनापासून. मी या धंद्यातली नाही, परीक्षा देऊन पदवी मिळवलेली जाणकारही नाही. मला या गोष्टीची ओढ आहे, एवढंच. म्हणून ब्रेनरच्या खिंडीतून आल्प्स ओलांडणारी गाडी पकडून मी इथवर आले.

या शेतकऱ्यांची संघटना 2008 साली उभी राहिली. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून तिला फिव्ही म्हणतात. दीड हजारांहून जास्त सभासद आहेत. धंद्यासाठी दुसऱ्याची द्राक्षं किंवा दुसऱ्याची वाइन विकत घ्यायची नाही, ही सभासदत्वाची अट. बाजार 2011 पासून पियाचेंझा गावात भरायचा. तिथे जागा पुरेना, म्हणून यंदा पहिल्यांदाच तो बोलोन्याला आलाय. हजाराच्या आसपास टेबलं आहेत, आणि पलीकडे उभा असतो तो बहुतेक ठिकाणी स्वतः मालक, नाहीतर घरचंच कोणी. हात बघितले की कळतं. नखांच्या कडेला काळी रेघ, अंगठ्याच्या बुडाशी कात्रीने पडलेला घट्टा. हे हात मी लहानपणापासून पाहत आलेय.

[दृश्य: ग्लासात लालजांभळा फेस उसळतो आणि विरतो.]

पहिला घोट लाम्ब्रुस्कोचा. बोलोन्या ज्या एमिलिया प्रांतात आहे, तिथली ही घरगुती वाइन. लाल, फेसाळ, थंडगार. सोरबारा गावाकडची फिकी आणि आंबट, ग्रास्पारोस्सा जातीची गडद जांभळी. इथली माणसं डुकराच्या मांसाचे चरबीदार पदार्थ खातात आणि वर ही पितात, जिभेवरचा तेलकटपणा धुऊन निघतो. आपण तळणासोबत सोलकढी घेतो, तेच.

चाखायची रीत एकदा सांगते, कारण कॅमेऱ्यात ती जरा विचित्र दिसते. ग्लासात दोन बोटं वाइन. आधी नुसती बघायची. मग ग्लास फिरवायचा आणि नाक आत घालायचं. मग घोट घेऊन तो तोंडभर खेळवायचा, आणि शेवटी टेबलावरच्या पिकदाणीत थुंकायचा. हो, थुंकायचा. शंभर टेबलं फिरायची तर गिळून कसं चालेल? पहिल्या वर्षी मला याची लाज वाटायची. कोणी इतक्या मेहनतीने केलेली वस्तू, आणि ती त्याच्याच डोळ्यांसमोर थुंकायची! एका बाईंनी माझी घालमेल ओळखली आणि स्वतः घोट घेऊन माझ्यासमोर थुंकून दाखवला. म्हणाल्या, मी तळघरात रोज हेच करते.

वायव्य इटलीतल्या पियेमोंते प्रांताच्या टेबलांवर नेब्बियोलो द्राक्षाच्या वाइन होत्या. बारोलो त्यातलीच. नियमाप्रमाणे बारोलो निदान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. रंग इतका फिका की वाटतं हिच्यात दम नसेल. मग घोट घेतला की हिरड्या आक्रसतात, जीभ गालाला चिकटते. इंग्रजीतली पुस्तकं वाचून मी हे टॅनिन म्हणून पाठ केलं होतं, पण समजलं ते तेव्हा, जेव्हा आतून आपला शब्द आला: तुरट. कच्चं जांभूळ, ओली सुपारी, आवळ्याचा पहिला चावा. आवळ्यावर पाणी प्यालं की मागून गोडवा येतो ना, तसा या तुरटपणामागून हळूहळू वाळलेल्या गुलाबाचा वास येतो. आयुर्वेदाने सहा रसांत तुरट धरलाय. ज्या भाषेत ही चव लहानपणीच कळते, त्या भाषेच्या माणसाने बारोलोला घाबरायचं कारण नाही.

[दृश्य: टेबलावर एक काळा दगड. हाताच्या पंज्याएवढा, बारीक छिद्रांचा.]

आता हा दगड बघा. हे टेबल सोआव्हेचं, व्हेरोना शहराच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवरचं. गार्गानेगा जातीची पांढरी द्राक्षं. मी वाइनकडे बघायच्या आधी दगडच उचलला. मालकाला वाटलं, मी भूगर्भशास्त्राची असेन. मी म्हटलं, आमच्याकडे विहीर खणली की हाच निघतो. बेसाल्ट. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्याचा, तसाच ज्वालामुखीचा दगड त्याच्या वेलींखाली. सोआव्हेचा हा जुना भाग ज्वालामुखीच्या खडकावर वसलाय आणि तिथली माणसं ते अभिमानाने सांगतात. वाइनला एक किंचित खारट, ओल्या दगडासारखा शेवट येतो, तो त्या खडकामुळे असं ते मानतात. शास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही. मी चाखली. मे महिन्यात तापलेल्या ओट्यावर पाणी मारल्यावर येतो तो वास मला आला. माझ्या नाकावर माझा विश्वास आहे.

याच टेकड्यांवर एक वावर आहे, त्याचं नाव कल्व्हारिनो. छोटा कॅल्व्हरी (येशूला क्रुसावर दिलं ती टेकडी), म्हणजे दम काढणारी चढाची वाट. लेओनिल्दो पिएरोपान या शेतकऱ्याने 1971 च्या हंगामात फक्त त्या एका वावराची द्राक्षं वेगळी ठेवली, त्यांची वेगळी वाइन केली आणि बाटलीवर वावराचं नाव छापलं. तेव्हा सोआव्हे म्हणजे लाखो लिटरांनी विकली जाणारी स्वस्त पांढरी वाइन. सगळ्यांचा माल एकाच टाकीत. त्यात एका माणसाने सांगितलं की माझं हे वावर वेगळं आहे. पुढे फिव्हीच्या स्थापनेतही ते होते. 2018 मध्ये ते गेले.

मला हे ऐकताना आमची वावरं आठवत होती. आमच्याही तुकड्यांना नावं आहेत: चिंचेचं, ओढ्याकडचं, खडकाळीचं. खडकाळीच्या मालाला साखर आधी उतरते आणि ओढ्याकडचा मणी फुगतो चांगला, पण चवीला पाणचट. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि तिन्ही वावरांचा माल एकाच व्यापाऱ्याच्या एकाच गाडीत भरला जातो. खळ्यावरून गाडी हलली की नाव संपलं. एका वर्षी तर व्यापारीच संपला. पावणेचार लाखांचा माल उचलून त्याने फोन बंद केला. आमचे नाना दोन महिने त्याच्या गावी खेपा घालत होते. त्या द्राक्षांवर आमचं नाव असतं तर पैसे मिळाले असते असं मी म्हणत नाही. पण खाणाऱ्याला निदान कळलं असतं की हे कोणाचं आहे.

नाशिकमध्ये वाइन होते, चांगली होते. राज्य सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 मध्ये आलं आणि त्यानंतर वायनऱ्या वाढल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे तर इटलीहून आलेले भाऊ, दिल्लीचे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली ही वायनरी उभी केली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊच. इटलीतल्या तोस्काना प्रांताचं सांजोव्हेझे द्राक्ष आज सोलापूरच्या उन्हात पिकतं. मी इथल्या एका तोस्कान माणसाला हे सांगितलं, तर त्याने नकाशा काढायला लावला. पण तीन एकरवाला शेतकरी, स्वतःच्या टेबलामागे, स्वतःच्या वावराचं नाव घेऊन? तो मला आपल्याकडे अजून भेटायचाय.

[दृश्य: मोबाइलवर बागेचा फोटो. वर हिरवं छत, खाली सावली.]

दुपारी मी आब्रुत्सोच्या टेबलाशी पोचले. आब्रुत्सो म्हणजे मध्य इटली, एका बाजूला उंच डोंगर, दुसऱ्या बाजूला एड्रियाटिक समुद्र. टेबलामागे पन्नाशीचे गृहस्थ आणि त्यांची मुलगी. मुलीने बागेचा फोटो दाखवला आणि मी ओरडलेच, “हा तर मांडव!”

खांब, वर तारांची जाळी, वेल वर चढवून आडवे पसरवलेले ओलांडे, घड खाली लोंबतायत. इटलीत जागोजागी वेली ओळीने उभ्या तारांवर असतात, पण आब्रुत्सोत मोंतेपुल्चानो द्राक्षाला अशी मांडवाची जुनी पद्धत आहे. ते तिला तेंदोने म्हणतात. उन्हाचा चटका लागत नाही. पण हवा खेळत नाही, आणि पाऊस लांबला की आत ओल धरते. पुढचं वाक्य त्या गृहस्थांनी सुरू केलं आणि मी संपवलं.

डाउनी, द्राक्षवेलीचा रोग. ते म्हणतात पेरोनोस्पोरा. पानावर तेलकट डाग, खालून पांढरी बुरशी, आणि मग घड वाळून जातो. 2023 च्या मे-जूनमध्ये मध्य आणि दक्षिण इटलीत पाऊस थांबलाच नाही. फवारायला वाफसा मिळेना, ट्रॅक्टर चिखलात रुतले. त्या वर्षी इटलीची वाइन 1947 नंतर सर्वांत कमी झाली आणि आब्रुत्सो हा सगळ्यात जास्त मार बसलेल्या भागांपैकी एक. त्या गृहस्थांनी बोटांनी दाखवलं: दहातले तीन. एवढंच हाती आलं. टेबलावर होत्या त्या मागच्या वर्षांच्या बाटल्या.

हा रोग अमेरिकेतून युरोपात आला, 1878 मध्ये फ्रान्सला पोचला. त्यावरचा उपाय निघाला तो वाटसरूंमुळे. बोर्डो भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना शिंपायचे, निळसर डाग बघून येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या ओळी निरोगी आहेत आणि आतल्या मेल्यात. 1885 मध्ये त्यांनी मिश्रणाची कृती छापली. तेच आपलं बोर्डो मिश्रण. आमच्या शेडमध्ये निळी पडलेली प्लॅस्टिकची टाकी आहे, त्या गृहस्थांकडेही आहे.

दीड वाजला असेल. निफाडला सहा. नानांचा फोन आला. एरवी ते या वेळी करत नाहीत.

“ताई, गारा पडल्या.”

मी ग्लास टेबलावर ठेवला. मागे आईचा आवाज येत होता, कोणालातरी बॅटरी आण म्हणत होती. ऑक्टोबरची छाटणी होऊन घड नुकते मणी धरत होते. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला, निफाड तालुक्यात गारपीट झाली. नानांनी फोटो पाठवले, बॅटरीच्या उजेडात काढलेले. जमिनीवर गारांचा खच, त्यात हिरवे मणी. काड्यांवर, म्हणजे वेलीच्या फांद्यांवर, फटके बसल्यासारख्या पांढऱ्या जखमा.

त्या गृहस्थांनी काय झालं म्हणून विचारलं नाही. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटांनी फोटो मोठा केला. मुलीला म्हणाले, हिला विचार, फुलोरा होता की मणी? मी म्हटलं, मणी. मग घड त्यांनी बघितलाच नाही. फोटो सरकवून ते काडीवर आले आणि जखमेवर बोट ठेवलं.

“रामे,” ते म्हणाले. रामे म्हणजे तांबं. “उद्या सकाळीच. थांबू नका.”

फोन चालूच होता. नानांना इटालियन येत नाही आणि त्यांना नानांचं काही कळत नव्हतं.

“कोण बोलतंय गं?” नानांनी विचारलं.

“बागवाले आहेत, नाना. इथले. मांडवच आहे त्यांचा. सकाळीच बोर्डो मारा म्हणतात.”

“तेच करतोय. घडांचं गेलं, पण काडी वाचली पाहिजे. मोरचूद भिजत घातलाय. त्यांना विचार, चुना किती घेतात?”

[दृश्य: ते गृहस्थ बाटलीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेनने आकडे लिहीत आहेत. मुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून वाचून दाखवते. मागे ढकलगाड्यांचा आवाज.]