देव कोर्टात गेले, मग नदी का नाही?

नमस्कार मंडळी. आजचा विषय कोर्टकचेरीचा आहे, पण घाबरू नका, पोहे निवायच्या आत संपवते.

नदीला कायद्यानं माणसासारखे हक्क द्यावेत का, यावर हल्ली बराच वाद चालतो. म्हणजे नदीच्या नावानं दावा लावता यावा, भरपाई मिळाली तर ती नदीच्याच खात्यात पडावी. इथं इंदूरच्या रामबागेत आमच्या भजनी मंडळात हा विषय निघाला, तेव्हा एक काका म्हणाले, ''अहो, नदी वकीलपत्रावर सही कशी करणार?'' सगळे हसले. पण काकांचा प्रश्न नेमका आहे, आणि त्याचं उत्तर लंडनच्या कोर्टात मिळतं. ती हकीकत माझ्या फार आवडीची, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

तमिळनाडूत तंजावरकडे, हो, आपल्या भोसल्यांच्याच तंजावरकडे, पाथूर नावाचं गाव आहे. तिथं एक जुनं शिवमंदिर. पूजा केव्हाची बंद पडलेली, भिंती ढासळलेल्या. १९७६ साली जवळच राहणारा एक मजूर जमीन खणत होता. खणता खणता ठण्ण आवाज झाला. निघाला काय, तर ब्राँझचा नटराज! आणखीही मूर्ती निघाल्या. मजुराच्या हाती किरकोळ पैसे पडले. नटराज मात्र या दलालाकडून त्या दलालाकडे असा करत देशाबाहेर गेला, आणि १९८२ साली लंडनमध्ये कॅनडाच्या एका कंपनीनं तो विकत घेतला.

पुढं मूर्ती डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियमकडे दिलेली असताना लंडनच्या पोलिसांनी ती ताब्यात घेतली. कंपनी म्हणाली, आम्ही रोख दाम मोजलेत, मूर्ती आमची. आणि तिनं थेट पोलिसांवरच दावा ठोकला.

आता समोरचे दावेदार कोण कोण, ते ऐका. भारत सरकार. तमिळनाडू सरकार. मंदिराच्या वतीनं बोलायला रीतसर नेमलेला एक अधिकारी. चौथं, स्वतः मंदिर. आणि पाचवं नाव, त्या मंदिरातलं शिवलिंग! साहेबाच्या कोर्टात साक्षात महादेव पक्षकार.

मूर्ती पाथूरचीच कशावरून? तज्ज्ञांनी धातू तपासला, मूर्तीला चिकटलेली माती तपासली. आणि वाळवी! मूर्तीवर वाळवीनं केलेल्या वाटासुद्धा तपासल्या, पाथूरच्या दुसऱ्या मूर्तींशी ताडून पाहिल्या. आपल्या कपाटाला वाळवी लागली की आपण औषध घेऊन तिच्या मागे लागतो. तिथं तिनं देवाच्या बाजूनं साक्ष दिली.

उरला मोठा प्रश्न. पडक्या दगडांचा ढिगारा इंग्लंडमध्ये दावा लावू शकतो का? १९८८ मध्ये निकाल मंदिराच्या बाजूनं लागला. कंपनी अपिलात गेली. १९९१ मध्ये अपील कोर्टानंही तेच म्हटलं, की भारताच्या कायद्यात मंदिर ही व्यक्ती आहे, तर इथंही तिला आपला हक्क मागता येईल. नटराज मायदेशी परत आले.

परत आले, आणि चोरीच्या भीतीनं सरकारी केंद्रात कुलुपाआड गेले. हे मला बिलकुल पटलं नाही. देवाला दिवा हवा, घंटा हवी, पोराबाळांची गर्दी हवी. भीती वाटते तर रखवालदार ठेवा की! इंदूरच्या बँकांना परवडतात, देवस्थानाला परवडत नाहीत? असो.

यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मंदिर बोलू शकलं, कारण त्याच्या वतीनं बोलायला माणूस नेमलेला होता. पुन्हा सांगते, माणूस नेमलेला होता.

आता नद्यांकडे या. २०१७ च्या मार्चमध्ये उत्तराखंड हायकोर्टानं गंगा-यमुनेला कायद्यानं व्यक्ती ठरवलं. पालक कोण? गंगा स्वच्छ करायच्या 'नमामि गंगे' या सरकारी योजनेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. नदीची तक्रार बहुतेक वेळा सरकारविरुद्धच असायची, आणि पालक सगळे सरकारी! राज्य सरकारच सुप्रीम कोर्टात धावलं. नदी अनेक राज्यांतून वाहते, उद्या पुरात कुणाचं घर गेलं तर नदीच्या वतीनं भरपाई कुणी द्यायची? जुलैमध्ये निकालाला स्थगिती मिळाली. त्याच मार्चमध्ये न्यूझीलंडनं व्हांगानुई नदीसाठी कायदा केला. तिथं पालक दोन, एक सरकारनं नेमायचा, दुसरा नदीकाठच्या माओरी लोकांनी. शिवाय नदीसाठी ३ कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी.

आपल्या मध्य प्रदेशच्या विधानसभेनंही त्याच वर्षी मे महिन्यात नर्मदेला जिवंत मानण्याचा ठराव केला. ठराव म्हणजे कायदा नव्हे. नर्मदेचा नळ आला नाही तर आपण नगरसेवकाला फोन लावतो. नर्मदेनं कुणाला लावायचा?

आपल्याला हे सगळं परकं वाटायला नको. अहिल्याबाई राज्य महादेवाचं मानत, हुकमावर 'श्री शंकर' असे. पण शंकराच्या नावावर राज्य सोडून त्या नुसत्या पूजेत बसल्या नाहीत, रोज दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत.

आमच्या मंडळातल्या एक वकीलताई म्हणतात, नवे हक्क कशाला, आहेत ते कायदे राबवा. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आहे, २०१० पासून हरित लवाद आहे. खरं आहे त्यांचं. पण त्या १९७४ च्या कायद्यात २०२४ साली दुरुस्ती झाली. ती जिथं लागू आहे तिथं बऱ्याच गुन्ह्यांची कैद जाऊन दंड आला, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत. तो पैसा पर्यावरण निधीत जातो. त्यातला आपल्या नदीचा वाटा मागायला कुणीतरी नको का?

आणि आपली, इंदूरची नदी म्हणजे कान्ह. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी, नाक दाबून आपण जिच्यावरून जात आलो, ती. ती पुढं उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. २०२८ च्या सिंहस्थासाठी तिचं पाणी बंद डक्टमधून, क्षिप्रेला चुकवून, गंभीर नदीकडे न्यायचं काम काढलंय. क्षिप्रेच्या वतीनं साधू-महंत बोलतात, त्यांनी बोलायलाच हवं. गंभीरच्या वतीनं कोण बोलणार?

म्हणून माझं म्हणणं असं. कान्हेला पालक द्या, दोन द्या. एक महानगरपालिकेचा असू दे. दुसरा मात्र इंदूरचा नको, गंभीरच्या काठचा एखादा शेतकरी हवा. स्वच्छतेचे फलक इंदूरच्या चौकाचौकांत लागतात, पण आपण काय सोडतो ते त्याच्या शेतापाशी कळतं. त्याला हवं तेव्हा इथं येऊन नाल्यांच्या तोंडाशी पाणी तपासून घ्यायचा हक्क असावा, आणि तपासणीचं बिल इंदूरनं भरावं. इंदूरच्या काही श्रोत्यांना हे रुचणार नाही, ठाऊक आहे मला. त्यांनी जरूर पत्र लिहावं, पुढच्या वेळी वाचून दाखवीन. नमस्कार.