उत्तर दिसण्याआधीचे दहा सेकंद

मला विषय दिलाय, ‘व्यावसायिक परीक्षांच्या उजळणीसाठी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?’ तुमच्यातल्या निम्म्यांनी नावं टिपून घ्यायला वही उघडलेली दिसतेय. नावं सांगते, पण आधी एक कबुली देऊन टाकते. लेखा परीक्षेच्या एका पेपरात मी नापास झाले, तेव्हा माझ्या फोनमध्ये दोन हजारांवर कार्डं होती, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. आखीव, रंगीत, प्रत्येक मानकाला, म्हणजे हिशेबाच्या ठरलेल्या नियमावलीला, वेगळा रंग. रोज तासभर ती फिरवायचे, आणि बरोबर उत्तरांची टक्केवारी नव्वदच्या खाली कधी उतरायची नाही. पेपरात प्रश्न आला तो एका ग्राहकाने कंपनीवर लावलेल्या दाव्याचा. दोन परिच्छेदांची गोष्ट आणि शेवटी ‘हिशेबात काय दाखवाल?’ मला मानकच सुचेना. प्रश्नाच्या माथ्यावर त्याचा नंबर नव्हता ना! माझ्या प्रत्येक कार्डावर तो असायचा.

तेव्हापासून मी कुठलंही ॲप एकाच जागी तपासते. प्रश्न समोर आलाय, उत्तर अजून दिसलेलं नाही, ते मधले दहाएक सेकंद. तेवढ्यात माझं डोकं काय करतं? आठवतं, की नुसतं ओळखतं? चेहरा ओळखीचा असतो पण नाव आठवत नाही, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. परीक्षा नाव विचारते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याच गोष्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर घेतली तर पारडं उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांचे ४२ टक्के, आठवून लिहिणाऱ्यांचे ५६. मला यातली पहिली चाचणी जास्त महत्त्वाची वाटते. पाच मिनिटांनी आपण खरंच हुशार असतो, आणि म्हणूनच फसतो.

आता ॲपं बघू. क्विझलेटमध्ये ‘मॅच’ नावाचा खेळ आहे, घड्याळ लावून शब्द आणि अर्थ यांच्या जोड्या जुळवायच्या. मजा येते, मीही खेळले आहे. पण सहा शब्द आणि सहा अर्थ पडद्यावर समोरच असतात. पाच माहीत असले की सहाव्याचं आपोआप जमतं. त्याच ॲपमध्ये उत्तर टाइप करायला लावणारा सरावही आहे, आणि तो कितीतरी बरा. म्हणजे ॲप एकच, पण दहा सेकंदांत घडतं ते अगदी वेगळं. ‘अमुक ॲप चांगलं का?’ असं मला विचारलं तर मी उलट विचारते, त्यातलं कुठलं बटण दाबता?

अँकीचं उलट आहे. दिसायला रुक्ष. कोऱ्या पडद्यावर प्रश्न, खाली ‘उत्तर दाखवा’, आणि मग चार बटणं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. तुम्हाला आलं की नाही, हे तुम्हीच सांगायचं. सगळा कारभार प्रामाणिकपणावर, आणि लोक घसरतात ते हार्डवर. उत्तर आठवलेलं नसतं, पण ‘अगदीच काही आलं नाही असं नाही’ म्हणून हार्ड दाबतात. अँकीच्या लेखी हार्डचा अर्थ ‘आलं, पण कष्टाने’. नाही आलं तर अगेनच. ही एक सवय मोडली नाही तर पुढचं सगळं वेळापत्रक चुकीच्या माहितीवर चालतं. ब्रेनस्केपमध्ये चारऐवजी एक ते पाच आकडे आहेत, खात्री किती वाटते ते सांगायचं. रेमनोटमध्ये नोट्स आणि कार्डं एकाच जागी राहतात, ज्याला लिहीत लिहीत अभ्यास करायची सवय आहे त्याला ते सोयीचं पडतं. या दोघांबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं नाही. दहा सेकंदांत घडतं ते तेच.

वेळापत्रक मात्र नीट समजून घ्या, कारण व्यावसायिक परीक्षेचा विद्यार्थी इथे मार खातो. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर निसटतं आणि मग निसटण्याचा वेग मंदावतो. यावरचा उपाय म्हणजे आठवण पुसट होत आली की पुन्हा विचारायचं, आणि दर वेळी अंतर वाढवत न्यायचं. पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाकने १९८७ मध्ये संगणकासाठी त्याचं गणित बसवलं. त्याला एसएम-२ म्हणतात, आणि २००६ मध्ये आलेलं अँकी बरीच वर्षं त्याच्याच सुधारलेल्या रूपावर चाललं. गणित सोपं आहे. पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी त्यानंतर सहा दिवसांनी, पुढे प्रत्येक अंतर साधारण अडीचपट. १, ६, १५, ३८, ९४.

आता तुमची परीक्षा तीस दिवसांवर आहे असं धरा. आज एक कार्ड सुरू केलंत. ते पहिल्या दिवशी येईल, सातव्या दिवशी येईल, बाविसाव्या दिवशी येईल. त्यानंतर ते येणार साठाव्या दिवशी! पेपर होऊन महिना झालेला असेल. ॲपची यात काही चूक नाही. त्याला जन्मभर लक्षात ठेवायचं शिकवलंय, तुमच्या पेपरची तारीख त्याला कोणी सांगितलेली नाही. म्हणून ॲप निवडताना हे विचारा, की अंतराची कमाल मर्यादा घालता येते का? अँकीत येते. शेवटच्या पंधरवड्यासाठी निवडक कार्डांचा वेगळा डेक, म्हणजे गठ्ठा, काढता येतो का? तोही येतो. २०२३ पासून अँकीत एफएसआरएस ही नवी पद्धत आहे. ती तुमच्या आधीच्या उत्तरांवरून तुमच्या विसरण्याचा अंदाज बांधते, आणि किती टक्के लक्षात राहायला हवं ते तुम्ही ठरवता. मुळात तो आकडा नव्वद टक्के असतो. हौसेने सत्याण्णव करून बघा, रोजचा ढीग असा वाढतो की दोन आठवड्यांत ॲप उघडावंसं वाटत नाही.

ढिगावरून आठवलं. अँकी रोज वीस नवी कार्डं देतं, आणि तो वेग कायम ठेवला तर काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशे कार्डांच्या घरात जाते. तुमच्यातले बरेच जण नोकरी सांभाळून परीक्षा देणारे. चार दिवस ऑफिसात वर्षअखेर निघाली की पाचव्या दिवशी आठशे कार्डं दारात उभी. काही ॲपं अशा वेळी ‘तुमची सलग तीस दिवसांची साखळी तुटली’ म्हणून रडकं चित्र दाखवतात. मला तेव्हा फोन भिरकावून द्यावासा वाटतो. अशा दिवशी नवी कार्डं बंद करता येणं आणि जुनी थोडी थोडी उपसता येणं, एवढीच सोय हवी असते. अँकीत आणखी एक चांगली गोष्ट आहे. एखादं कार्ड आठ वेळा विसरलात की त्याला ‘लीच’ असं नाव मिळतं, आणि ते बाजूला काढायची सोय असते. लीच म्हणजे जळू. नाव अगदी चपखल. तुमचा वेळ शोषणारं कार्ड बहुतेक वेळा वाईट लिहिलेलं असतं. पाठ करत बसू नका, मोडून पुन्हा लिहा.

कसं लिहायचं, ते मला बुडवणाऱ्या त्याच विषयावर दाखवते. आंतरराष्ट्रीय लेखा मानक ३७ (आयएएस ३७), तरतुदी, म्हणजे पुढे द्याव्या लागतील अशा पैशांची हिशेबात आधीच केलेली नोंद. माझं जुनं कार्ड असं होतं: ‘आयएएस ३७ नुसार तरतूद कधी करावी?’ मागे तीन अटी. घडून गेलेल्या घटनेमुळे आज असलेलं दायित्व, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त, आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज. हे मला झोपेतही यायचं. नव्या कार्डावर मानकाचं नावच नाही: ‘सदोष माल विकल्याबद्दल ग्राहकाने वर्ष संपण्यापूर्वी दावा लावला. वकील म्हणतात, हरण्याची शक्यता साठ टक्के, रक्कम साधारण सांगता येते. काय कराल?’ तरतूद. दुसऱ्या कार्डावर तीच गोष्ट, फक्त साठच्या जागी तीस. आता तरतूद नाही, हिशेबासोबत नुसती टीप द्यायची. दोन कार्डं शेजारी ठेवली की कळतं, सगळा खेळ एका आकड्यावर फिरतोय. अशा जोड्या लिहायला वेळ लागतो. माझी दोन हजारांची कार्डं साडेतीनशेवर आली, आणि दुसऱ्या खेपेला मी पास झाले. कार्डांमुळेच झाले असा दावा करत नाही, त्या वेळी मी लेखी सरावही दुप्पट केला होता.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला पीडीएफ दिली की मिनिटात दोनशे कार्डं हातात पडतात. मी वापरून बघितलं. बहुतेक कार्डं बरोबर होती, पण माझ्या जुन्या कार्डांसारखी, उत्तराचा वास येणारी. दोन-तीन ठामपणे चूक होती. आणि कार्ड लिहिताना ‘यात नेमका मुद्दा कुठला?’ म्हणून आपण जी खटपट करतो, तोच निम्मा अभ्यास, तो तर झालाच नाही. तयार डेक उतरवून घेणाऱ्यांनाही हेच सांगेन, शिवाय तो कुठल्या वर्षीचा आहे तेवढं बघा. शरीरशास्त्र सहसा बदलत नाही, करकायदा दर वर्षी बदलतो.

प्रश्नपेढ्यांचं, म्हणजे सरावाच्या प्रश्नांच्या तयार साठ्यांचं, गणित वेगळं. वैद्यकीय परीक्षांचे विद्यार्थी यूवर्ल्ड वापरतात ते तिथल्या स्पष्टीकरणांसाठी. बरोबर पर्याय का बरोबर, याबरोबरच चुकीचे पर्याय का चूक, तेही लिहिलेलं असतं. मात्र उत्तर लगेच दाखवणाऱ्या सरावात फार दिवस रमू नका. सीएफए या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षेच्या पहिल्या पातळीला १३५ मिनिटांचे दोन भाग, प्रत्येकात ९० प्रश्न. म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. ते दीड मिनिट अंगवळणी पडायला घड्याळ लावूनच बसावं लागतं. आणि तीच पेढी दुसऱ्यांदा सोडवली की गुण वाढतातच, कारण प्रश्न तोंडपाठ झालेले असतात. दुसऱ्या फेरीत पर्याय झाकून आधी उत्तर कागदावर लिहा, मग उघडा.

लेखी उत्तरांच्या पेपरांना यातलं काहीच पुरत नाही. एसीसीए या लेखा परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा सराव मंच मला आवडतो तो यासाठी, की तिथे स्प्रेडशीट आणि लिहायची चौकट खऱ्या परीक्षेतल्यासारखीच असते. सूत्रं पाठ असलेला विद्यार्थी तिथे पहिली वीस मिनिटं रकाने आखण्यात घालवतो. ते घरी घालवलेले बरे.

तर मग कोणतं घ्यायचं? एक प्रकरण निवडा. अर्धं एका ॲपमध्ये करा, अर्धं दुसऱ्यात, दोन्हीला सारखाच वेळ द्या. त्यात कार्डं बनवण्याचा वेळही धरायचा, हे बहुतेक लोक विसरतात. सात दिवस त्या प्रकरणाकडे बघू नका. आठव्या दिवशी कोरा कागद घ्या आणि दोन्ही भागांवरचे जुने प्रश्न सोडवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.