वैशाखात ओढलेली दोरी

[दृश्य : नारळ-पोफळीची वाडी. मध्येच मोडलेले, शेंड्याविना उभे बुंधे. लांबून समुद्राचा आवाज.]

निवेदन :

३ जून २०२०. दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि खाली मंडणगड-दापोलीपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. घरांवरची कौलं, पत्रे उडाले. विजेचे खांब तर काडीसारखे मोडून पडले होते. दोन दिवसांनी वटपौर्णिमा आली, गेली. आमच्या गावात वीज आली नाही. पुढे कित्येक आठवडे आली नाही.

वादळाच्या त्या संध्याकाळी बाबांनी पडवीच्या कोपऱ्यातल्या जनरेटरवरचं गोणपाट काढलं. दोन केव्हीएचा, पेट्रोलवर चालणारा. आजोबांच्या आजारपणात ऑक्सिजनच्या मशिनसाठी घेतलेला. आजोबा गेल्यावर त्याला कुणी हात लावला नव्हता. बाबांनी चोक ओढला, दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग मी ओढली. हाताला फोड आले, तरी इंजिनाने एक उचकीसुद्धा दिली नाही. फ्रिजमध्ये आजीचं इन्शुलिन होतं. आईने ते डब्यात घालून मडक्यात ठेवलं आणि मडकं ओल्या वाळूत पुरलं. रात्रभर ती उठून वाळूवर पाणी शिंपडत होती.

ही फिल्म त्या रात्रीमुळे केली आहे.

[दृश्य : मिस्त्रीकाकांचे हात. स्क्रू ड्रायव्हर, जुनी बनियन, पितळेचा बारीक जेट.]

रस्ते झाडांनी अडलेले, त्यात टाळेबंदी. मिस्त्रीकाका आठव्या दिवशी पोचले, तेही निम्मं अंतर चालत. आल्या आल्या त्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

"दादा, हे पेट्रोल कधीचं?"

बाबांना सांगता येईना.

काकांनी कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, खालची वाटी सोडवली. वाटीच्या तळाला हिरवट-पिवळा डिंक साचलेला, बोटाला चिकटणारा. त्यांनी जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून पेट्रोल इंजिनाकडे जातं तो पितळेचा तुकडा, काढून उजेडासमोर धरला आणि मला म्हणाले, "बघ रे बाळा, पलीकडचं काही दिसतंय?" काहीच दिसत नव्हतं. सुईच्या टोकाएवढं ते भोक पूर्ण बुजलं होतं.

पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे हा डिंक उरतो. शिवाय पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. कोकणातल्या दमट हवेत त्यात पाणी किती लवकर शिरत असेल, याचा विचार करा. फार पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, आणि इंजिनाला नेमकं तेच मिळतं.

काकांनी जेट पेट्रोलमध्ये भिजवला, फुंकला, मऊ तांब्याच्या तारेने हळूच मोकळा केला. टाचणी घालायची नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन कायम जास्त पेट्रोल पिणार आणि काळा धूर ओकणार. टाकी रिकामी केली, ताजं पेट्रोल घातलं. तिसऱ्या ओढीला जनरेटर सुरू झाला. आजी देवघरातून उठून बाहेर आली.

[दृश्य : प्लग, एअर फिल्टर, ऑइलची कांडी, एकेक जवळून.]

जनरेटर सुरू होत नसेल तर आधी साध्या गोष्टी बघायच्या. टाकीत पेट्रोल आहे का, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, स्विच चालूवर आहे का. हसू नका, निम्म्या वेळा इथेच सापडतं. मग ऑइलची कांडी. बहुतेक जनरेटरमध्ये ऑइल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. अंगणाच्या उतारावर जनरेटर तिरका ठेवला, तरी ऑइल एका बाजूला जातं आणि सेन्सरला वाटतं, संपलं. आमच्या शेजाऱ्यांनी याच कारणासाठी इंजिन खोलून ठेवलं होतं. सपाट फरशीवर ठेवताच ते चालू झालं.

त्यानंतर प्लग. टोकाचा रंग विटकरी-तपकिरी असला तर इंजिन निरोगी. काळी काजळी असेल तर हवा कमी पडते आहे, म्हणजे एअर फिल्टर बघा. प्लग ओला निघाला तर दोरी ओढून ओढून पेट्रोल जास्त गेलं आहे. पुसून, वाळवून, चोक न ओढता पुन्हा दोरी ओढा. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर.

फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, इंजिन ऑइलचे थेंब टाकून दाबून पिळायचा. कोरडाच बसवला तर धूळ आरपार जाते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचीच. कुंभारमाशीला सायलेन्सरचं भोक फार आवडतं. मातीचं घर बांधून ती ते लिंपून टाकते आणि इंजिनाचा श्वासच कोंडतो. आमच्याकडे आता सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं, लाल रंगाचं, म्हणजे सुरू करण्याआधी सोडायला विसरणार नाही.

कधी इंजिन छान चालतं, पण बल्ब लागत नाही. आधी जनरेटरवरचा ब्रेकर पडलाय का बघा. तो ठीक असेल, तर फार दिवस बंद राहिल्याने आतल्या लोखंडातलं चुंबकत्व गेलेलं असू शकतं, किंवा कार्बन ब्रश झिजले असतील, व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर गेला असेल. हे मिस्त्रीचं काम, त्यात हात घालू नका. इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या गव्हर्नरच्या स्क्रूलाही हात लावू नका. मिनिटाला साधारण ३००० फेऱ्यांवर इंजिन ५० हर्ट्झची, म्हणजे घरात येते तशी, वीज देतं. स्क्रू पिळून ते जोरात पळवलं, तर घरातली उपकरणं जळतात.

लोडचा हिशोबही असाच. एक एचपीचा विहिरीवरचा पंप चालताना हजारेक वॉट घेतो, पण सुरू होताना त्याच्या तिप्पट मागतो. दोन केव्हीएच्या जनरेटरला ते झेपत नाही. आम्ही विहिरीचं पाणी रहाटानेच काढलं. सकाळ-संध्याकाळ तास-दीड तास फ्रिज, त्यानंतर वाडीतल्या सगळ्यांचे मोबाइल. एकेक गोष्ट लावायची, सगळं एकदम नाही.

[दृश्य : पाऊस. अंगणात चार खांबांवरचं पत्र्याचं छप्पर, चारही बाजूंनी मोकळं.]

पाऊस लागला की जनरेटर पडवीत ओढायचा मोह होतो. कृपा करून ओढू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. दार-खिडकी उघडी ठेवली म्हणजे झालं, असं नाही. घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, वर नुसतं छप्पर. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, गार होऊ देऊन. तापलेल्या सायलेन्सरवर एक ओघळ पडला तरी पेट घेतो.

[दृश्य : विजेचा खांब. वर चढलेला वायरमन, पाठमोरा.]

आता जे सांगायचं आहे, ते नीट ऐका.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर काही घरांत सर्रास वापरतात. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला; सगळं घर उजळतं. पण ती वीज घरात थांबत नाही. मेन स्विच चालू राहिला, तर ती मीटरमधून उलटी खांबावर जाते, तिथून डीपीपर्यंत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत. डीपी ११ हजार व्होल्टचे २३० करतो. उलट बाजूने वीज आली, तर २३० चे ११ हजार करतो. लाइन बंद आहे या भरवशावर वर चढलेल्या माणसाच्या हातात ती तार असते.

निसर्गनंतर बाहेरच्या जिल्ह्यांतूनही वायरमन आले होते. भर पावसात, चिखलात खांब खांद्यावरून नेत होते. आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायले. त्यांच्यातला एक खांबावर चढण्याआधी हात जोडून प्रत्येक घराला विचारत होता, "जनरेटर लावलाय का हो कुणी?" तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

फ्रिजची वायर थेट जनरेटरला लावा. घराच्या वायरिंगला वीज द्यायचीच असेल, तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला राहतो. लाइन आणि जनरेटर एकमेकांना भेटूच शकत नाहीत.

[दृश्य : वैशाखातली संध्याकाळ. अंगण. भिंतीवर कालनिर्णय, मागच्या पानावर पेन्सिलीच्या नोंदी.]

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेलं. त्या वेळी आमचा जनरेटर पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू झाला. कारण महिन्यातून एकदा बाबा तो अंगणात काढतात. पंधरा मिनिटं, तेही रिकामा नाही, पंखा आणि दोन बल्ब लावून. ऑइल नव्या मशिनचं पहिल्या २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं. पावसाआधी वैशाखात फिल्टर, प्लग, दोरी, सगळं एकदा उघडून बघायचं. तास कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेले असतात.

पंधरा मिनिटं झाली की बाबा स्विचला हात लावत नाहीत. पेट्रोलचा कॉक बंद करतात आणि शेजारी उकिडवे बसतात. कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल जळत जातं. आवाज एकदा चढतो, अडखळतो, बारीक होतो आणि थांबतो. टाकीत राहिलेलं ते नळीने काढून स्कूटरमध्ये ओततात.

आतून आजी विचारते, "बंद पडला की काय रे?"

"नाही गं आई," बाबा सायलेन्सर गार व्हायची वाट बघत, हातात लाल फडकं धरून म्हणतात, "पेट्रोल संपवलं."